दर हंगामाला नातेवाइकांना पाठवायचं घरचं बातमीपत्र: मजकूर, मुलांच्या नोंदी, छपाई

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. घरची माणसं आता सोलापूर, पुणे, हैदराबाद आणि जर्मनी अशी विखुरली आहेत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो रोज पडतात. पण कुणाचा दात कधी पडला, कोण कुठं जाऊन आलं, हे दोन महिन्यांनी शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. शिवाय ऐंशीच्या पुढची मंडळी मोबाईलवर वाचत नाहीत, त्यांना हातात धरता येईल असा कागद हवा. म्हणून दर हंगामाला घरचं एक बातमीपत्र काढायचं ठरतंय. त्यात प्रवास, मुलांची वाढ आणि रोजचं घरचं, एवढंच. छापील साधारण २५ प्रती, बाकीच्यांना पीडीएफ.

वर्षातून कधी काढावं? ऐनवेळी आठवत बसावं लागू नये म्हणून मजकूर कसा गोळा करावा? मुलांच्या नोंदींत नेमकं काय घ्यावं? आणि छपाई-टपाल कमी खर्चात कसं बसवावं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा तपशिलात सांगावं, ही विनंती.

मंगळवार_पेठ

वर्षाला तीनच अंक ठेवा. चार ठरवले की पावसाळ्यातला एक हमखास बुडतो, आणि एकदा बुडाला की पुढचाही मागं पडतो. पहिला अंक रथसप्तमीच्या सुमारास काढा. गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा), हुरडा, बोरन्हाण, तिळगूळ असं सोलापूरच्या हिवाळ्यातलं सगळं त्यात मावतं. दुसरा जूनच्या मध्याला, शाळा उघडताना. त्यात निकाल, सुट्टीतले प्रवास, लग्नं आणि उन्हाळी वाळवण. तिसरा दसऱ्याच्या आधी. दिवाळी तोंडावर आली की छपाईची दुकानं भरलेली असतात आणि टपालही रेंगाळतं, त्यामुळं ‘दिवाळी अंक’ काढायचा मोह टाळा.

मजकूर गोळा करायला नवीन ॲप नको. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलंच असतं. दूध कधी आलं नाही, गॅस कधी लावला, हे त्याच्या चौकटीत आपण लिहितोच. त्याच चौकटीत माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि तीन-चार शब्द एवढंच लिहायचं: ‘ओ - खालचा दात पडला’, ‘आ - मोतीबिंदू, डावा डोळा’, ‘नळदुर्ग, सहा जण’. नियम एकच, ज्या दिवशीचं त्याच दिवशी. आठवड्यानं लिहायला बसलं की तारीख चुकते आणि ‘कधीतरी जुलैत’ असं होऊन बसतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक घरानं त्या पानाचा फोटो काढून संपादकाला पाठवायचा. तीन-चार महिन्यांची पानं समोर आली की अंकाचा निम्मा मजकूर तयार असतो, पुढं फक्त निवड करायची राहते.

उरलेला निम्मा मजकूर प्रश्न विचारून मिळवावा लागतो. ‘काय विशेष?’ असं विचारलं की सगळ्या घरांतून ‘काही नाही, नेहमीचंच’ असं उत्तर येतं. अंकाच्या वीस दिवस आधी ठरलेले प्रश्न पाठवा. घरात नवीन काय आलं आणि काय मोडलं? कोण काय नव्यानं करायला लागलं? कुठं गेलात, कशानं गेलात, किती खर्च आला? ताटात नवीन काय वाढलं? कुठली सवय सुटली किंवा काय बंद झालं? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांत चांगली उत्तरं येतात: शिकवणी बंद झाली, स्कूटर विकली, दुपारचा चहा सोडला. घराची खरी हालचाल त्यातच दिसते.

प्रत्येक घराला १२० शब्दांची मर्यादा घाला आणि ती पाळा. ज्या घरात लिहायची हौस आहे त्यांचं दीड पान होतं, ज्यांना वेळ नाही त्यांच्या दोन ओळी येतात, आणि मग कुणाचं किती छापलं यावरून मनं दुखावतात. ज्यांचं कमी आलंय त्यांना फोन करा, त्यांचं बोलणं ऐकून तुम्हीच लिहा आणि छापण्याआधी वाचून दाखवा.

वाक्य लिहिताना विशेषणं काढून घटना ठेवा. ‘मुलांनी खूप धमाल केली’ यातून जर्मनीतल्या आत्याला काहीच कळत नाही. ‘ओवी रेल्वेत पहिल्यांदा वरच्या बर्थवर एकटी झोपली, पहाटे कुर्डुवाडीला स्वतः उठली’ यातून वय, धीर, प्रवास सगळं कळतं.

रोजच्या जगण्याला अर्धं पान द्याच. ते सगळ्यांत आधी कापलं जातं आणि दहा वर्षांनी नेमकं तेच शोधलं जातं. एक चौकट कायमची ठेवा: त्या दिवशीचा दुधाचा लिटरचा भाव, मालदांडी ज्वारीचा आणि शेंगदाण्याचा किलोचा भाव, रिक्षाचं घर ते स्टेशन भाडं, नळाला पाणी किती दिवसांआड येतं, आणि त्या हंगामातलं सगळ्यांत जास्त तापमान. तारीख घाला. भाव कुठून घेतला, किराणा दुकानातून की मार्केट यार्डातून, तेही लिहा, नाहीतर पुढच्या अंकाशी ताळा लागत नाही.

आणि एक कृती, वजनासह. आजी-मावशी ‘अंदाजानं’ सांगतात, म्हणून करताना त्यांच्या शेजारी वजनकाटा ठेवायचा. भांडं आधी मोजायचं, त्यांनी हातानं घातल्यावर पुन्हा मोजायचं. शेंगा चटणीचं उदाहरण घ्या: २५० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर डाग न पडता भाजून, साल काढून, लसूण १०-१२ पाकळ्या, लाल तिखट दोन चहाचे चमचे, जिरे एक चमचा, मीठ एक चमचा. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सर असेल तर दोन-दोन सेकंद फिरवून थांबायचं. सलग फिरवलं की भांडं तापतं, दाण्याचं लोणी होतं आणि चटणी न राहता गोळा बसतो. आच मोठी झाली तर दाणा बाहेरून काळा, आतून कच्चा राहतो आणि चटणीला कडवटपणा येतो. इतकं लिहिलं तरच हैदराबादची सून ती तशी करू शकेल.

बालवाडी_ताई

मुलांच्या नोंदींचं मी सांगते.

उंचीत सगळ्यांत जास्त घोळ होतो. दोन वर्षांपर्यंत मुलाला आडवं झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून उंची. आडवं मोजलेलं माप उभ्या मापापेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त भरतं. त्यामुळं तेविसाव्या महिन्यात आडवं आणि पंचविसाव्या महिन्यात उभं मोजलं की मुलाची वाढ मंदावली असं वाटून घरात काळजी सुरू होते. नोंदीशेजारी ‘आडवं’ किंवा ‘उभं’ लिहा, प्रश्न मिटतो.

उभं मोजताना अनवाणी, वेणी-अंबाडा सोडून. टाचा, बूड आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरायचं आणि त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीची रेघ. नुसता तळहात ठेवला की तो तिरका होतो आणि सेंटिमीटरचा फरक पडतो. भिंतीला खाली फरशीची पट्टी बाहेर आलेली असेल तर टाचा पुढं सरकतात, मग दाराची चौकट बघा. दिवसभरात मणका दबून संध्याकाळी उंची थोडी कमी भरते, म्हणून दर वेळी सकाळीच मोजा. वजन घ्यायचं तर तोच काटा, तेवढेच कपडे.

दात: दुधाचे एकूण २०, बहुधा तीन वर्षांपर्यंत सगळे आलेले असतात. सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे पुढचे पडायला लागतात, ती बातमी कुणीच चुकवत नाही. पण त्याच सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागं पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. काही पडलेलं नसतं, त्यामुळं घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. ही दाढ आली की तारीख अवश्य लिहा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

बसणं-चालणं: जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही लागतात आणि एकटी चालायला ८.२ ते १७.६ महिन्यांत. काही मुलं गुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. एवढी मोठी मुभा असताना बातमीपत्रात दोन चुलत भावंडांच्या तारखा शेजारीशेजारी छापू नका. एकाचं कौतुक दुसऱ्याच्या आईला टोचतं. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागच्या अंकाशी. वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं वय धरा. आणि १८ महिने उलटूनही मूल एकटं चालत नसेल तर तो विषय बातमीपत्राचा नाही, बालरोगतज्ज्ञांचा आहे.

बोलण्याच्या नोंदीत पहिल्या शब्दापेक्षा पहिलं वाक्य घ्या, जसंच्या तसं, दुरुस्त न करता. ‘पाणी शांडलं माझं’ हे ‘पाणी सांडलं’ करून छापलं की त्यातलं मूल निघून जातं.

अक्षराची नोंद सगळ्यांना सोपी आहे. चार वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाकडून दर अंकाला स्वतःचं नाव लिहून घ्या, कोऱ्या कागदावर. पेन्सिल छपाईत फिकट येते, म्हणून काळं स्केचपेन द्या. शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात, कागदाच्या बरोबर वरून फोटो घ्या. दोन-तीन वर्षांत अक्षर केवढं लहान आणि सरळ होत गेलं ते आपोआप दिसतं. परीक्षेचे टक्के मात्र नकोत.

काही गोष्टी छापू नयेत: पूर्ण जन्मतारीख, शाळेचं नाव, गणवेशावरचा बिल्ला, आधारकार्ड किंवा लसीकरण कार्डाचा फोटो. पीडीएफ एकदा बाहेर पडली की कुठं फिरेल सांगता येत नाही. ‘वय ४ वर्षं २ महिने’ एवढं बास. लसीची मूळ नोंद माता-बाल संरक्षण कार्डावरच राहू द्या. बातमीपत्रात आठवण म्हणून एक ओळ टाकता येईल: डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांत, टीडी (धनुर्वात, घटसर्प) १० आणि १६ व्या वर्षी. शाळेत गेल्यावर हे डोस हमखास विसरतात.

दहाच्या पुढच्या मुलांना त्यांच्याबद्दलचा मजकूर आधी दाखवा. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर तो विषय संपला.

जुळे_सोलापूर

ताई, फार उपयोगी. आडवं-उभं हे माहीतच नव्हतं. आता छपाईवाल्यांनीही मनावर घ्यावं. चार पानं धरतोय, फोटो आठ-दहा.

टाइपसेटर_सोलापूर

चार पानं म्हणजे ए-३ चा एकच कागद मधून दुमडायचा. पिना नाहीत, कापणं नाही. बाहेरच्या बाजूला डावीकडं पान ४, उजवीकडं पान १. आतल्या बाजूला २ आणि ३. पाठपोट छापताना दुकानदाराला ‘शॉर्ट एज’वर, म्हणजे आखूड कडेवर, उलटायला सांगा. आतली बाजू उलटी आली तर समजायचं की लाँग एज लागलंय. पानं वाढवायची तर चारच्या पटीतच वाढतात. पाच पानांचा मजकूर झाला तर कापून चारवर आणा, आठवर नेऊ नका.

कागद १०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन १०० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे बिनचमकीचा, घ्या. गुळगुळीत आर्ट पेपरवर फोटो खुलतात, पण ट्यूबलाइटखाली पान चमकतं आणि म्हाताऱ्या डोळ्यांना वाचताना त्रास होतो. वजनाचा हिशेबही बघा. ए-३ चं क्षेत्रफळ ०.१२५ चौरस मीटर, म्हणजे १०० जीएसएमचा कागद साडेबारा ग्रॅम. पाकीट सुमारे ५ ग्रॅम. एकूण साडेसतरा. साध्या टपालाचा दर २० ग्रॅमच्या टप्प्यानं वाढतो, म्हणजे पहिल्याच टप्प्यात बसलं. १३० जीएसएम घेतला की कागदच सव्वासोळा ग्रॅम, पाकिटासह एकवीसच्या पुढं, आणि प्रत्येक प्रतीला पुढच्या टप्प्याचं तिकीट. ८० जीएसएम हलका पडतो, पण पाठीमागचा फोटो पुढून दिसतो.

फोटोंचं गणित: छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १० सेंमी रुंद फोटोसाठी साधारण १२०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. तो छोट्या चौकटीत चालतो, पानभर लावला की फुटतो. शिवाय फोटो कधी काढला ही फाइलमधली माहिती निघून जाते आणि तुमच्याकडं आल्याची तारीख दिसते. बातमीपत्राला तारीखच महत्त्वाची. म्हणून सगळ्यांना सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ आकार आणि तारीख दोन्ही टिकतात. मोबाईलच्या पडद्यावर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळपट उतरतो, सावळे चेहरे तर पार बुडतात. उजेड थोडा वाढवा आणि आधी एकच प्रत काढून खिडकीपाशी बघा. ती पसंत पडल्यावर मगच पंचवीस.

आता अक्षरं. इथं बहुतेकांचं काम बिघडतं. मोबाईलवर, गूगल डॉक्समध्ये आपण युनिकोडमध्ये लिहितो. पेठेतल्या पुष्कळ दुकानांत अजून जुने फॉन्ट आणि जुनी सॉफ्टवेअर चालतात. तुमचा मजकूर तिथं चिकटवला की चौकोन येतात. मग कन्व्हर्टर लावतात आणि त्यात ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि काही जोडाक्षरं मोडतात. चौथ्या वाचनातही एखादी चूक राहतेच. यावर उपाय म्हणजे दुकानात मजकूर न देता मांडणी पूर्ण केलेली पीडीएफ द्यायची. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, दुकानदाराकडं तो असायची गरज नाही. दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवर उघडून बघा, तिथं नीट दिसली तर छापतानाही नीट येईल.

फॉन्ट मोफत मिळतात: ‘मुक्त’ (Mukta), नोटो सान्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी. टिरो मराठीत ल आणि श आपल्या वळणाचे येतात. नोटोमध्ये हिंदी वळण दिसलं तर मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा. अक्षर १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, चारी बाजूंनी दोन सेंमी समास. असं धरलं तर ए-४ पानावर फोटोशिवाय ३०० ते ३५० शब्द बसतात. आठ-दहा फोटो घालून चार पानांत ७५० शब्द धरा, त्याहून जास्त नाही. चार घरांचे ४८० धरले की बाकीच्याला २७० उरतात.

फोटो दुमडीवर येऊ देऊ नका. लेझर छपाईचा रंग घडीवर तडकतो आणि नेमका कुणाच्या तरी चेहऱ्यावर पांढरी रेघ येते. घडी घालताना स्टीलच्या पट्टीची कड दाबून फिरवा. पाकिटात घालायला पुन्हा दोन घड्या घालून तीन भाग करा, ते ११ × २२ सेंमीच्या पाकिटात बसतात. घरच्या इंकजेटवर छापणार असाल तर पावसाळ्यात शाई पसरते, हात ओला लागला तरी डाग. पंचवीस प्रतींना डिजिटल लेझरच परवडतं. ऑफसेटच्या प्लेटचा खर्च एवढ्या कमी प्रतींत निघत नाही.

हैदराबादच्या पाकिटावर पत्ता रोमन लिपीत लिहा, सहा आकडी पिनकोड ठळक. जर्मनीला मात्र पीडीएफच पाठवून तिथं छापून घेतलेलं बरं.

भटकंती_सोलापूर

प्रवासाच्या पानाबद्दल एवढंच म्हणेन, पुढच्या माणसाला तिथं जाता आलं पाहिजे असं लिहा. ठिकाण, अंतर, कधी निघालात, कशानं, रस्ता कसा, खायची सोय, काय चुकलं. फोटो एकच.

उदाहरणार्थ नळदुर्ग. ‘किल्ला बघितला, छान आहे’ यात काय आहे ओ? सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं साधारण ५० किमी. बोरी नदीवर बांध घालून त्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ साली पाणी महाल बांधला. त्यावरून कोसळणारे नर आणि मादी धबधबे फक्त बांधावरून पाणी वाहायला लागलं की दिसतात. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी, आणि तेही पावसाळा बराच सरल्यावर. मे महिन्यात गेलेला माणूस कोरडा बांध बघून येतो. म्हणून कुठल्या तारखेला गेलात आणि पाणी होतं का, या दोन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत.

हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम, हरिहरेश्वराचं बहुमुखी शिवलिंग आणि शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. मुलांना घेऊन गेलात तर त्यातलं एखादं अक्षर ओळखायला लावा आणि कुणी कुठलं ओळखलं ते छापा. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल अशी आशा लावून मुलांना नेऊ नका, हिरमुसून येतात. काळवीट बघायला चाललोय म्हणावं. उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे तर पुणे रस्त्यानं भिगवण, हिवाळ्यात, सकाळी लवकर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा दुपारची सहल लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन करूच नये.

अंकाच्या वेळापत्रकाबद्दलही एक सांगायचंय, ते वर कुणी म्हटलं नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. हुतात्मा असो, सिद्धेश्वर असो की वंदे भारत, सणाच्या तारखा झटपट भरतात. म्हणजे दसऱ्याच्या अंकात दिवाळीचं आमंत्रण दिलं तर उशीर झालेला असतो. ते जूनच्या अंकात, तारखांसह छापा. दसऱ्याच्या अंकात जानेवारीच्या गड्ड्याचं आमंत्रण: संक्रांतीच्या आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर अक्षता, दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होमप्रदीपन. ज्यांना एकच दिवस मिळणार त्यांनी अक्षतेचा धरावा, सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) त्या दिवशी एकत्र बघायला मिळतात. शेजारी ‘आरक्षण अमुक तारखेला उघडेल’ अशी ओळ टाका. तारीख मोजूनच छापा, नातेवाइकांवर सोडू नका.

प्रवासाची बातमी परत आल्यावर द्यायची. ‘पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे केरळला’ असं ग्रुपवर टाकणं म्हणजे घर बंद असल्याची जाहिरात.

हुरडा_पार्टी

रथसप्तमीच्या अंकासोबत तिळगूळ घालायचा विचार असेल तर लाडू-वडी नको. तिळाचं तेल कागदावर पसरतं आणि अक्षरं पारदर्शक होतात. काटेरी हलव्याचे सात-आठ दाणे बारीक प्लास्टिकच्या पुडीत, पुडी घडीच्या आत. वजन दोन ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे टाइपसेटर यांच्या साडेसतरात भर पडूनही २० च्या खाली राहतं. पाकीट एका जागी फुगीर झालं तर शिक्का मारताना हलव्याचा भुगा होतो, म्हणून दाणे पसरून पुडी सपाट चिकटवा.

बोरन्हाणाचे फोटो छापाल तेव्हा एक सूचनाही छापा: पाच वर्षांखालच्या मुलाच्या डोक्यावरून हरभरे, शेंगदाणे, अख्खी बोरं टाकू नयेत. खाली पडलेलं ते तोंडात घालतं आणि घशात अडकतं. चुरमुरे, फुलं एवढंच.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. घरात आजारपण किंवा कुणी गेलं असेल तर बातमीपत्रात ते कसं घ्यायचं? आणि हैदराबादच्या घरातल्या दोन विहीणबाई तेलुगूच वाचतात, मराठी समजतं पण लिपी येत नाही. त्यांच्यासाठी काय?

मंगळवार_पेठ

गेलेल्याची बातमी कुणालाही बातमीपत्रातून पहिल्यांदा कळता कामा नये. आधी फोन, सगळ्यांना. एकालाही कळवायचं राहिलं असेल तर अंक थांबवा. मग पहिल्या पानावर, वरच, वेगळ्या चौकटीत: नाव, नातं, तारीख, दोन-तीन ओळी आणि एक फोटो. सहली आणि वाढदिवसांच्या मधोमध ती घालू नये. त्या अंकात रंगीत नक्षी, फुगे वगैरे काही नको, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराकडं त्या वेळी मजकूर मागू नका. त्यांच्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणी त्या माणसाची एक नेमकी आठवण लिहावी.

आजारपण त्या माणसाच्या होकाराशिवाय छापायचं नाही. होकार मिळाला तरी रोगाची चर्चा न करता भेटायला येणाऱ्याच्या कामाचं लिहा: कुठं आहेत, फोन कुठल्या वेळी करावा, डबा लागतो का, काय खाणं चालत नाही.

विहीणबाईंसाठी अंक वाचून ध्वनिमुद्रित करा. शांतपणे वाचलं तर मिनिटाला सुमारे १२० शब्द होतात, म्हणजे ७५० शब्दांना सव्वासहा मिनिटं. एकच लांब फाइल करू नका, प्रत्येक घराची वेगळी करा, म्हणजे हवं ते पुन्हा ऐकता येतं. ज्या घराची बातमी त्याच घरातल्या कुणीतरी वाचावी, मुलांचं मुलांनी. पंखा बंद करून, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब ठेवून, तळहातावर न घेता टेबलावर ठेवून. छापील प्रतही त्यांना पाठवाच. फोटोंखालची नावं तेवढी तेलुगू लिपीत हातानं लिहा, सोलापुरात लिहून देणारं माणूस शेजारच्या गल्लीत मिळेल. फाइलींच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग घर असा क्रम ठेवा. आणि पीडीएफ, आवाज, मूळ फोटो हे तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या घरांतल्या संगणकांवर.